न दाखवलेला रातवा

माझ्या पोटात काही राहत नाही, हे आमच्या गल्लीत कुणालाही विचारा. आयुष्यभर कपडे शिवायचं दुकान चालवलं. गिऱ्हाइकाच्या कमरेचं माप वाढलं तर ते मी तिसऱ्याला कधी सांगितलं नाही, एवढाच काय तो माझा संयम. बाकी घरात काही चांगलं घडलं की मला ते सांगितल्याशिवाय घास गोड लागत नाही. मुलगा पहिल्यांदा चालला तेव्हा हातातली कात्री खाली न ठेवता रांगेतल्या सगळ्या दुकानांत जाऊन सांगून आले होते. अशा बाईनं यंदाचा अख्खा वसंत तोंड शिवून काढला. आता पिल्लं उडाली आणि सुनेनं परवानगी दिली, म्हणून सांगते.

आमची सून हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत काम करते. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून रक्ताच्या पेशी बघायच्या, हेच काम, आणि तेही बहुतेक रात्रपाळीला. घरी आली की बोलणं मोजकं. मी भाजीत मीठ घालायला विसरले तर ती ‘मीठ नाही’ असं म्हणणार नाही. नुसती मिठाची बरणी नवऱ्याच्या ताटाकडे सरकवेल. मला सुरुवातीला वाटायचं, हिला बोलता येत नाही की आम्हीच तिला बोलण्यालायक वाटत नाही? मग कळलं, तिचा स्वभावच तसा. सगळं दिसतं, आणि त्यातलं निम्मं ती ठेवून देते. मला दिसतं निम्मं आणि सांगते दुप्पट. त्यामुळे घराचा हिशेब बरोबर बसतो.

तिला वेड एकच. पक्षी. गावाबाहेर मोठी पाणथळ जागा आहे, तिला लागून जंगलाचा एक पट्टा आहे. तिथे दर रविवारी सकाळी पक्षी बघणाऱ्यांची मंडळी जमते. या मंडळींना वाट दाखवणारी एक निवृत्त मुख्याध्यापिका होती. तिला सगळे अध्यक्षबाई म्हणतात. यंदा तिचे गुडघे संपावर गेले आणि तिनं जाहीर केलं की वसंतातल्या फेऱ्या आता दुसऱ्या कुणीतरी न्यायच्या. तळ्याकाठी एक लाकडी खोपटं आहे, आत बसून फटीतून पक्षी बघायचं. त्याला ही मंडळी लपण म्हणतात. एरवी त्याला कुलूप असतं आणि किल्ली राहते वाटाड्याकडे. माझ्या सुनेला हवी होती ती किल्ली. रात्रपाळी सुटल्यावर, घरी येण्याआधी, पहाटेच्या उजेडात तिथे एकटीनं बसायचं, एवढंच तिचं स्वप्न. तिनं ते मला एकदा कपडे वाळत घालता घालता सांगितलं होतं, आणि तिनं काही मागितल्याचं मला आठवतं ते तेवढंच.

उमेदवार दोघे. एक आमची सून. दुसरा एक विमा कंपनीतला गृहस्थ. त्याच्या कॅमेऱ्याची नळी एवढी लांबलचक की मी मनातल्या मनात त्याचं नाव तोफखाना ठेवलं. त्याची फेरी आधीच्या रविवारी होऊन गेली होती. मी सांगते त्या रविवारी सुनेची पाळी. फेरी संपली की हात वर करून मत द्यायचं, ज्याला जास्त हात त्याला किल्ली. मुलाला कामावर जायचं होतं, म्हणून घरातर्फे मी गेले. कुणीतरी आपलं माणूस पाठीशी उभं नको का?

मी माझा लाल कोट घालून तयार झाले. स्वतः शिवलेला, आत अस्तर, कॉलर अशी की इस्त्रीची गरज नाही. सुनेनं दारातच थांबवलं.

“आई, लाल नको. पक्षी बिचकतात.”

“मग काय घालू?”

तिनं आपला एक मातकट कोट काढून दिला. खांदे कुठे, बाह्या कुठे, कुणी शिवला देवाला ठाऊक. मी तो घातला, यावरून माझं सुनेवर किती प्रेम आहे ते समजून घ्या.

तळ्यावर धुकं होतं. लव्हाळ्यांतून लाकडी फळ्यांची वाट आत जात होती, तिच्यावरून आम्ही एकामागून एक निघालो. पुढे सून, तिच्या मागे मी, कारण मला आणखी कुणाच्या मागे राहायला आवडत नाही. मग तोफखाना, मग बाकीची दहाबारा माणसं, आणि सगळ्यांत शेवटी काठी टेकत अध्यक्षबाई. ती गुडघ्यांना शिव्या देत का होईना, दोन्ही फेऱ्यांना आली होती.

घरी जिच्या तोंडातून शब्द काढायला चिमटा लागतो, ती तिथे बोलायला लागली. आवाज हळू, पण शेवटच्या माणसापर्यंत पोचणारा. “डावीकडे, वाळक्या खुंटापाशी. घाई करू नका, ती पुन्हा वर येईल.” आणि खरंच, पाण्यातून टिबुकली वर आली. कोंबडीच्या पिल्लाएवढं ते पाखरू, आणि त्याच्या पाठीवर पिसांत खुपसून बसलेली दोन पिल्लं. फक्त डोकी बाहेर. मंडळींनी एकदम श्वास आत घेतला. पुढे चिखलात लाल पायांचे शेकाटे, असे चालत होते की प्रत्येक पाऊल आधी धुऊन मग ठेवायचं असावं. मग खंड्या. मग लव्हाळ्यात लपून बसलेली एक पाणकोंबडी, जी मला शेवटपर्यंत दिसली नाही, तरी मी ‘वा, वा’ म्हटलं.

एक बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, “तुमची सून का? किती छान दाखवते हो.”

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्या कोटात तेवढी जागा होतीच.

“हे सगळं मीही दाखवलं होतं,” तोफखाना मागून म्हणाला. वाईट हेतूनं नाही, पण म्हणाला. “आता रातवा दाखवा. दिवसाउजेडी रातवा दाखवलात तर माझाही हात तुम्हाला.”

सगळे हसले, पण सगळ्यांचे कान टवकारले होते. रातवा म्हणजे काय ते मला त्या बाईंनी समजावून सांगितलं. रात्री उडणारा पक्षी. दिवसा जंगलात जमिनीवरच बसून राहतो, वाळक्या पाचोळ्याच्या रंगाचा, पायाखाली येईपर्यंत दिसत नाही. संध्याकाळी त्या जंगलातून त्याची हाक सगळ्यांनी ऐकली होती. दिवसा पाहिला मात्र कुणीच नव्हता. थोडक्यात, हा एक पक्षी दाखवला की किल्ली सुनेची. मी लगेच मनात ठरवून टाकलं की आज रातवा दिसणार. न दिसायला काय झालं?

जंगलात शिरलो. वरती कोवळी पालवी, इतकी ताजी की ऊन तिच्यातून हिरवं होऊन खाली येत होतं. पायाखाली गेल्या वर्षीचा पाचोळा. वाटेच्या कडेला पांढरे रंगवलेले दगड होते, त्यांच्या बाजूनंच जायचं. इथला नियम कडक आहे. वाटाड्यानं सबळ कारणाशिवाय वाट बदलायची नाही. आणि वाट चुकला तर त्यानं पुन्हा उमेदवारी करायची नाही, कारण कुणाचा पाय दलदलीत गेला तर जिवाशी खेळ. एका वळणावर मोठ्या वठलेल्या झाडावर सुतार पक्षी ठकठक करत होता. सगळे तिथे मान वर करून थांबले. सून चार पावलं पुढे गेली, तिच्या मागे मी.

आणि ती थांबली.

मी तिला ओळखते. दूध उतू जायच्या आधी ती अशीच थांबते. मी तिच्या नजरेच्या रोखानं खाली पाहिलं. वाटेच्या अगदी कडेला, पांढऱ्या दगडापासून हातभर अंतरावर, पाचोळा. नुसता पाचोळा. कापडावर नक्षी जुळवण्यात माझं आयुष्य गेलंय, पण मलाही जोड सापडेना. मग त्या पाचोळ्यातल्या एका तुकड्याला एक बारीक काळी फट दिसली. अर्धवट मिटलेला डोळा. डोळ्यामागोमाग चोच दिसली, पाठ दिसली, आणि अख्खा पक्षी जमिनीतून वर आल्यासारखा माझ्यासमोर उभा राहिला. खरं तर तो तसूभरही हलला नव्हता.

रातवा! माझ्या सुनेचा रातवा! मी तोंड उघडलं, छाती भरून श्वास घेतला, वळणावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशी आरोळी गळ्यापर्यंत आली.

सुनेनं पाण्याची बाटली माझ्या हातात दिली.

“आई, पाणी प्या.”

तिच्या आवाजात काहीतरी होतं. मी प्यायले. माझं तोंड पाण्यानं भरलेलं असताना ती मागे वळली आणि मंडळींना म्हणाली, “आपण इथून परत फिरू या. बांधावरून जाऊ.”

“अहो, पण जंगल तर आत्ताच सुरू झालंय!” तोफखाना म्हणाला.

“बांधावरून जाऊ,” ती पुन्हा म्हणाली. हात असे पसरले होते की कुणी पुढे येऊच नये. सुतार पक्षी उडून गेला होता, त्यामुळे थांबायला कुणाकडे कारणही उरलं नाही. कुरकुरत सगळे वळले.

बांधावर काय होतं? चिखल, ऊन आणि कावळे. एकाचा बूट चिखलात रुतला तो दोघांनी ओढून काढला. मी सुनेला गाठलं आणि तिच्या कानात शिरले.

“डोकं फिरलंय का तुझं? समोर होता!”

“अंड्यांवर बसलाय, आई.” ती पुढे बघूनच बोलत होती. “उठला तर अंडी उघडी पडतील. वर कावळे बघा किती आहेत.”

“मग सांगायचं, लांबून बघा म्हणून!”

“गेल्या वर्षी टिटवीच्या अंड्यांपाशी सगळे लांबूनच बघत होते. प्रत्येकजण फक्त एकच पाऊल पुढे आला. टिटवी परत फिरकलीच नाही.” मग म्हणाली, “आणि फोटो निघाला की तो चार लोकांना जातो. पुढच्या रविवारी चाळीस माणसं येतील. कुणालाच सांगायचं नाही, आई. घरीसुद्धा नाही.”

“आणि किल्ली?”

तिनं नुसते ओठ घट्ट मिटले, आणि तेव्हा मला कळलं की तिला किल्ली माझ्याइतकीच नाही, माझ्याहून कितीतरी जास्त हवी होती. रडायला तर मला आलं. पण रडता रडता माझी मान ताठ होत गेली, हेही खरंच सांगते. दुकानात मी शेकडो माणसं पाहिली, हातात आलेलं कुणी असं सोडून देत नाही. ही माझ्या घरातली. माझी सून.

तळ्याकाठी एक कौलारू निवारा आहे, तिथे चहा झाला आणि मग हजेरी सुरू झाली. हजेरी म्हणजे, वाटाड्यानं त्या दिवशीच्या एकेका पक्ष्याचं नाव घ्यायचं आणि ज्यांनी पाहिला त्यांनी हात वर करायचा. किमान दोन हात आले तर पक्षी यादीत धरायचा, नाहीतर सोडायचा. सून नावं घेत गेली. टिबुकली, शेकाट्या, खंड्या, पाणकोंबडी, सुतार. शेवटी म्हणाली, “बस, एवढेच.”

दोन हात तर होते. एक तिचा, एक माझा. मी माझा हात मांडीखाली दाबून धरला.

“रातवा नाही तर नाही,” तोफखाना म्हणाला, “पण जंगलाची वाट सोडली कशासाठी, ते तरी कळू द्या. आखलेली वाट आहे ती.” त्याचं म्हणणं रास्तच होतं. भिजल्या बुटांची माणसं माना डोलावू लागली.

अध्यक्षबाईंनी काठीवर दोन्ही हात ठेवले. “सबळ कारण होतं का काही?”

सून उठून उभी राहिली. तिला खोटं बोलता येत नाही. बोलायची वेळ आली की कान लाल होतात. ते लाल झाले होते. “चुकलं माझं,” ती म्हणाली. “वळणावर मला वाटलं की वाट…”

“वाट चुकलीस? तू?” अध्यक्षबाई म्हणाल्या.

वाट चुकलेल्या माणसाला पुन्हा उमेदवारी नाही. यंदा नाही आणि कधीच नाही. ज्या जंगलातलं पान न् पान तिला पाठ आहे, तिथे ती वाट चुकली असं ही मंडळी जन्मभर म्हणणार. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. किल्ली गेली तर गेली, पण हे?

आता माझ्याबद्दल एक सांगायला हवं. मी नाकावर माशी बसू देत नाही. दम लागला तरी जिन्यात थांबत नाही, डोळ्यांना दिसत नसलं तरी सुईत दोरा मीच ओवते, आणि म्हातारी म्हणणाऱ्याला दारात उभं करत नाही.

“ती कशाला चुकेल?” मी उठले. “मी सांगितलं तिला परत फीर म्हणून. मला जोराची लागली होती.”

आधी कुणालाच कळेना. मग एकाला कळलं, आणि मग सगळ्यांना.

“वय झालं, आवरत नाही,” मी पुढे ठोकून दिलं. एकदा अब्रू टांगलीच तर नीट टांगावी. “जंगलात पोरीनं मला कुठे बसवायचं? म्हणून वळवलं सगळ्यांना. सासूची लाज राखायला स्वतःवर घेतेय बिचारी. रागवायचं तर मला रागवा.”

हसू फुटलं. कुणी तोंडावर हात ठेवून, कुणी उघड. तोफखान्यानं घाईघाईनं चहाचा पेला तोंडाला लावला. माझी सून माझ्याकडे बघत राहिली. मघाशी तिचे फक्त कान लाल झाले होते, आता सगळा चेहरा.

“हे सबळ कारण आहे,” अध्यक्षबाई म्हणाल्या. “वाट चुकलेली नाही, बदललेली आहे. नियमात बसतं.”

मग मतदान झालं. मला वाटलं होतं, माझ्या एवढ्या नाचक्कीनंतर तरी हात उठतील. पण माणसं चिखलातून आली होती आणि तोफखान्याच्या फेरीत बूट कोरडे राहिले होते. दोनचार हातांनी तो जिंकला. किल्ली खिशात टाकताना तो सुनेजवळ आला आणि म्हणाला, “पुढच्या वर्षी तुम्हीच. मनापासून सांगतो.” माणूस वाईट नाही. फक्त एकच पाऊल पुढे येणाऱ्यांपैकी आहे.

मंडळी पांगली. आम्ही निघालो तेवढ्यात अध्यक्षबाईंनी मागून हाक मारली.

“ताई, निवाऱ्याच्या मागच्या बाजूला आहे.”

“काय?” मी म्हटलं.

“शौचालय.”

“ते कशाला?”

माझ्या तोंडून निघून गेलं. आवरायला वेळच मिळाला नाही. चहा होऊन, हजेरी होऊन, मतदान होऊन तास उलटला होता आणि जोराची लागलेली म्हातारी बाकावरून हलली नव्हती. अध्यक्षबाईंनी मला नीट पाहिलं, मग सुनेला पाहिलं. आयुष्यभर पोरांची खोटी कारणं ऐकलेली बाई ती. चेहऱ्यावर काही दाखवलं नाही, पण आवाज उतरला.

“वाट अडवायला दोरी कुठे बांधू?” तिनं सुनेला विचारलं.

सुनेनं क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, “सुतार होता त्या झाडाच्या अलीकडे.”

“अंडी?”

सुनेनं होकारार्थी मान हलवली.

“फांदी मोडून पडलीय, वाट बंद आहे, अशी पाटी लावते.” अध्यक्षबाई काठीनं जमिनीवर रेघा ओढत राहिल्या. “आधी मला बाजूला घेऊन सांगितलं असतंस तर हात वेगळे उठले असते.”

“तुम्ही त्यांना काय सांगितलं असतं?”

तिनं सुनेच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोरी आणायला गेली.

बसच्या थांब्यावर आम्ही दोघीच होतो. सून रस्त्याकडे बघत होती.

“आई, वाईट वाटतंय मला,” ती म्हणाली. “खूप वाईट वाटतंय.”

“वाटणारच,” मी म्हटलं. “मलाही वाटतंय.”

तिनं माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. असं तिनं कधी केलं नव्हतं. मी हललेच नाही. मग तिचे खांदे हलायला लागले, आणि मला वाटलं रडतेय, तर ती हसत होती. “‘आवरत नाही’ काय, आई! तोफ… त्या काकांनी चहा सांडला अंगावर!” म्हणजे तोफखाना हे नाव तिनंही ठेवलं होतं. मग मीही हसले. बस आली तरी आमचं हसू थांबेना.

गल्लीत शिरलो तर खालच्या मजल्यावरची शेजारीण बादलीनं पायऱ्या धूत होती. तिला मी आठवडाभर सांगून ठेवलं होतं, रविवारी बघा, आमची सून काय करते ते. ती कमरेवर हात ठेवून सरळ झाली.

“काय मग? काय झालं सूनबाईंचं?”

अख्खी गोष्ट माझ्या जिभेवर येऊन उभी राहिली. पाचोळा, तो मिटलेला डोळा, सगळं. मी ते गिळलं. उरला तो एकच शब्द, मग तो तरी नीट सांगावा म्हणून मी मान वर केली, सुनेचा दंड धरून तिला पुढे उभं केलं, आणि सगळ्या जिन्यात घुमेल असं म्हणाले, “हरली!”

शेजारणीनं माझी ताठ मान पाहिली, बादली बाजूला सारली, ओले हात पदराला पुसले आणि सुनेचा हात हातात घेतला.

“अभिनंदन हो!” ती म्हणाली.

“थँक्यू, काकू,” सून म्हणाली.